किल्लारीनंतर विहिरीचं पाणी वाढलं आणि उतरलं: हललेला खडक सावरतो कसा?

प्रश्न अक्कलकोट तालुक्यातल्या एका गुरुजींचा आहे. ते लिहितात: "१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी वाढलं, असं आमचे अप्पा सांगतात. दोन-तीन वर्षांत ते परत पहिल्यासारखं झालं. मोठ्या भूकंपानं वरचा खडक खरंच बदलतो का? बदलला तर पुन्हा जागेवर येतो का, आणि किती दिवसांत? शाळेत मुलं विचारतात, मला नीट सांगता येत नाही."

गुरुजी, खडक बदलतो हे नक्की, आणि सावरतो हेही नक्की. फक्त त्याच्या सावरण्याची चाल मोडलेल्या हाडासारखी नाही, की सहा आठवडे प्लॅस्टर घातलं आणि झालं. पहिल्या एका दिवसात तो जेवढा सावरतो, तेवढा पुढच्या तीस वर्षांत सावरत नाही. हे वाक्य चमकदार वाटावं म्हणून लिहिलेलं नाही, त्याचा हिशोब पुढे मांडतो. तो कळला की अप्पांच्या विहिरीचं कोडंही बरंचसं सुटतं.

माझं काम या जिल्ह्यात विहिरी-बोअरच्या जागा दाखवायचं आणि पुलांच्या पायाखालचा खडक तपासायचं. भूकंप हा काही माझा पोटापाण्याचा विषय नव्हे. पण १९९३ साली मी सोलापुरात भूशास्त्र शिकत होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाच्या मिरवणुकीतून येऊन नुकतेच आडवे झालो होतो, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटायला लागले. किल्लारी इथून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. भूकंप ६.२ तीव्रतेचा, आणि अगदी उथळ, जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आत झालेला. तिकडे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

महिन्याभरानं आम्ही काही विद्यार्थी एसटीनं तिकडे गेलो. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन तुटक तुटक रेषेत उचलली गेली होती. कुठे वीतभर, कुठे हात-दीड हात, सगळं मिळून साधारण किलोमीटरभर. औताच्या ओळी त्या उंचवट्याशी येऊन मोडलेल्या दिसत होत्या. काही वर्षांनी परत गेलो तर शेतकऱ्यानं बांधबंदिस्ती करून, नांगर फिरवून सगळं सपाट केलेलं. डोळ्याला जमीन बरी झाली होती. पण तुमचा प्रश्न नांगर पोचतो त्याच्या खालचा आहे.

उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना आपण काय करतो? बोटानं टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, ठेवून द्यायचा. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. जुने वडार मिस्त्री विहिरीत उतरून सुतकीनं पाषाण ठोकून असंच सांगायचे, "हितं पोकळ वाजतंय, हितं पाणी लागंल." याच्यामागचं शास्त्र सरळ आहे. अखंड वस्तूतून लहर वेगानं जाते. चिरा पडल्या की वस्तू तेवढी ताठ राहत नाही, लहरीचा वेग कमी होतो आणि आवाज खाली उतरतो.

मी शेतात जो सर्व्हे करतो तो म्हणजे याच टिचकीची मोठी आवृत्ती. जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवायची, तिच्यावर घण मारायचा, आणि रांगेत रोवलेले जिओफोन हादरा कधी पोचला ते टिपतात. कोरड्या काळ्या मातीत हादरा सेकंदाला तीनशे-चारशे मीटर जातो, मुरमात हजाराच्या आसपास, आणि खालच्या घट्ट काळ्या पाषाणात पाच हजारांच्या घरात. म्हणजे वेग सांगितला की मी डोळे मिटून सांगू शकतो खाली काय आहे. थोडं वाढवून सांगितलं, मांजऱ्या खडक (पांढऱ्या ठिपक्यांचा) आणि भेगाळलेला पाषाण यांत माझीही फसगत होते, पण मुद्दा तोच.

आता हीच टिचकी भूकंपाच्या आधी आणि नंतर, त्याच जागी मारली तर? जपाननं हे काम फार शिस्तीत केलं. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर त्यांनी देशभर शेकडो ठिकाणी जोड्या बसवल्या. एक भूकंपमापक जमिनीवर, दुसरा त्याच जागी शंभर मीटर किंवा त्याहून खोल बोअरमध्ये. खालून वर येणारी लहर दोघांमधलं अंतर किती वेळात कापते, ते प्रत्येक लहानमोठ्या भूकंपात आपोआप मोजलं जातं. ११ मार्च २०११ ला तोहोकूचा ९.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या जोड्यांवरून दिसलं की सुमारे १,२०० किलोमीटर पसरलेल्या प्रदेशात वरच्या थरातला वेग सरासरी ५ टक्क्यांनी उतरला होता. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण जमिनीचा ताठपणा वेगाच्या वर्गावर चालतो, म्हणजे पाच टक्के वेग गेला तर दहा टक्के ताठपणा गेला. निम्म्या देशाचा माठ बद्द वाजायला लागला म्हणा ना.

याहून खोलवरचं, किलोमीटर-दोन किलोमीटरचं कसं मोजायचं? तिथे बोअर घेऊन बसणं परवडत नाही, आणि मोठा भूकंप रोज होत नाही. इथे एक सुंदर युक्ती आहे. जमीन कधीच गप्प नसते. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात लाटा आपटतात, त्यांची बारीक थरथर सोलापूरच्या पाषाणातही चोवीस तास चालू असते. तुम्हाला-मला ती कळत नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागांशेजारी राहणाऱ्याला तर अजिबातच कळणार नाही. पण चांगल्या भूकंपमापकाला कळते. दोन ठिकाणची ही थरथर दिवसचे दिवस नोंदवायची आणि एकमेकींवर ठेवून जुळवायची. तसं केलं की पहिल्या ठिकाणी घण मारला असता तर दुसऱ्या ठिकाणी कसा हादरा दिसला असता, ते त्यातून बाहेर पडतं. घण न मारता. मी तीस वर्षं घण मारून खांदा दुखवून घेतला आणि हे लोक समुद्राकडून फुकट मारून घेतात, याची मला थोडी असूयाच वाटते.

त्यातही बघायचं ते हादऱ्याचं डोकं नाही, शेपूट. पहिली लहर सरळ येते आणि निघून जाते. मागून जी लांब शेपटी येते ती चिरांवर, थरांवर आपटत, वळसे घेत आलेली असते. वेग हजारात एक भागानं जरी उतरला तरी चाळीस सेकंद भटकून आलेली लहर सेकंदाच्या चार-शतांश भागानं उशिरा पोचते, आणि तेवढा उशीर यंत्राला आरामात दिसतो. जितकी भटकंती जास्त, तितका फरक साठत जातो.

कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला ही पद्धत कसाला लागली. त्या जागेचा किस्सा असा, की तिथे ठराविक वर्षांनी ६ च्या आसपासचा भूकंप होतो असं दिसल्यावर १९८५ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, पुढचा १९९३ च्या आत येणार. सगळी यंत्रं लावून बसले. १९९३ गेलं, तिथे काही झालं नाही. (झालं ते आपल्याकडे, जिथे कुणीच वाट बघत नव्हतं.) पार्कफील्डचा भूकंप शेवटी २८ सप्टेंबर २००४ ला आला. भाकीत चुकलं, पण यंत्रं जागेवर होती, आणि त्यामुळे भूकंपाच्या दोन वर्षं आधीपासून तीन वर्षं नंतरपर्यंतची थरथर हाती लागली. भूकंपाच्या क्षणी वेग सरासरी ०.०८ टक्क्यांनी उतरला आणि पुढची तीन वर्षं हळूहळू भरून येत होता.

तोहोकूला ५ टक्के आणि इथे ०.०८. यात भूकंपाच्या आकाराचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग खोलीचा. वरच्या शंभर मीटरमध्ये खडकावर वजन कमी, चिरा उघड्या, त्यात पाणी-हवा. तो लवकर ढिला होतो. किलोमीटरभर खाली वरच्या खडकाच्या भारानंच चिरा मिटलेल्या असतात, तिथे उघडायला फारसं काही उरत नाही. म्हणून तुमच्या विहिरीपुरतं बोलायचं तर वरचे पन्नास-शंभर मीटरच महत्त्वाचे, आणि नेमके तेच सगळ्यात हळवे.

आता तो हिशोब. भरून येण्याचे आलेख काढले की जगात बहुतेक ठिकाणी एकच चाल दिसते. पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढं भरून आलं, तेवढंच पुन्हा भरून यायला दहाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि पुढचं तेवढंच भरायला हजाराव्या दिवसापर्यंत. वेळ दहापट झाली की एक पायरी. मुलांना फळ्यावर हे करून दाखवा. भूकंपानंतरच्या पहिल्या सेकंदापासून मोजायला लागा: १, १०, १००, १,०००, १०,०००, आणि दिवस संपतो ८६,४०० सेकंदांना. म्हणजे पहिल्याच दिवशी जवळजवळ पाच पायऱ्या झाल्या. मग पहिल्या दिवसापासून तीस वर्षांपर्यंत मोजा, म्हणजे सुमारे ११,००० दिवस: १०, १००, १,०००, १०,०००. चारच पायऱ्या आणि वर चिमूटभर. म्हणून सुरुवातीचं ते वाक्य.

यातून आणखी एक गोष्ट निघते जी मापं घेणाऱ्यांनाही पूर्वी लक्षात यायची नाही. भूकंपानंतर आठ दिवसांनी यंत्र लावून जो उतार मोजला तो खऱ्या उताराचा उरलेला तुकडा असतो. बाकीचा भरून येऊन गेलेला असतो, कुणी बघायच्या आत. जपानच्या जोड्यांना किंमत आहे ती याचीच, त्या पहिल्या मिनिटाला जाग्या असतात.

अर्थात ही चाल अनंतकाळ चालत नाही, नाहीतर खडक पूर्वीपेक्षाही ताठ होत गेला असता. कुठेतरी पायऱ्या संपतात. कुठे संपतात ते खडकावर, पाण्यावर आणि मधे दुसरा धक्का बसतो का यावर ठरतं.

हे असं का? प्रयोगशाळेत वालुकाश्माची कांडी घेऊन तिला जोरात थरथरवलं की तिचा सूर किंचित उतरतो, आणि थरथर थांबल्यावर याच पायऱ्यांनी परत चढतो. सेकंद, मिनिटं, तास. तिथे ना भूकंप, ना फॉल्ट (ज्या भेगेवर खडक सरकून भूकंप होतो ती), हातात मावेल एवढा दगड. म्हणजे कारण दगडाच्या आत आहे. खडक म्हणजे एकसंध लोखंड नाही. कण एकमेकांना असंख्य बारीक ठिकाणी टेकलेले असतात, मधे पाण्याचे पातळ पापुद्रे. हादऱ्यानं हे टेके सुटतात किंवा सरकतात. मग परत बसतात, पण प्रत्येकाला बसायला लागणारा वेळ वेगळा.

सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम संपतं तेव्हा काय होतं, आठवा. पहिल्या पाच मिनिटांत कडेचे लोक गेले. अर्ध्या तासात पेठांमधले. तासा-दोन तासांनी शेवटच्या एसटीचे. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला आलेले पाहुणे. आणि पाळणेवाले, खेळण्यांचे स्टॉलवाले आणखी कितीतरी दिवस तिथेच. मैदान रिकामं होण्याचा एकच वेग नसतो, ज्याचं-त्याचं घर वेगळ्या अंतरावर असतं. सुरुवातीला झपकन, मग रेंगाळत. खडकातले टेके असेच घरी जातात. सगळ्या अंतरांची गर्दी एकत्र मोजली की ती पायरीची चाल आपोआप निघते.

भूकंपोत्तर धक्क्यांचंही असंच आहे, आणि ते फार जुनं निरीक्षण आहे. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९१ च्या नोबी भूकंपाचे धक्के मोजून १८९४ साली नियम मांडला: जितके दिवस उलटले, धक्क्यांची रोजची संख्या साधारण त्याच प्रमाणात घटते. दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहावा भाग, शंभराव्या दिवशी शंभरावा. त्या धक्क्यांची बेरीज करत गेलात तर पुन्हा हीच पायरी. पार्कफील्डला तर फॉल्टच्या दोन्ही बाजू भूकंपानंतरही गुपचूप सरकत राहिल्या, तेही याच चालीनं. एकाच घटनेच्या तीन वेगवेगळ्या बाजू एकच ताल धरतात, हे मला या विषयातलं सगळ्यात मोहक वाटतं.

आता पाणी. इथे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. विहिरीत सुरुंग लावला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. झरे मोकळे होतात, पाणी वाढतं. कधी उलटं, खालचा घट्ट थर फुटतो आणि पाणी पळतं. आणि वाढलेलं पाणीही चार-पाच पावसाळ्यांत आटोक्यात येतं, कारण चिरांत गाळ बसतो. मग परत आडवे बोअर मारायचे. मोठा भूकंप म्हणजे तालुकाभर एकदम लागलेला सुरुंग.

१७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रीएटाचा ६.९ चा भूकंप झाला. ऑक्टोबर म्हणजे तिथला कोरडा शेवट, तरीही सांताक्रूझच्या डोंगरांतले ओढे भूकंपाबरोबर वाढले, झरे फुटले. लोकांना वाटलं नवं पाणी आलं. पण पुढच्या आठवड्या-महिन्यांत उंचावरच्या विहिरींची पातळी उतरत गेली, आणि ओढेही ओसरले. पाणी तेच होतं. चिरा रुंदावल्यामुळे वरचं साठलेलं पाणी जास्त वेगानं खाली वाहून आलं. बँकेतली शिल्लक काढून खर्च केल्यासारखं, उत्पन्न वाढलेलं नव्हतं. २००१ च्या भूजनंतर कच्छच्या रणातही पाणी वर आलं होतं, पण ती गोष्ट वेगळी. तिथली ओली सैल वाळू हादऱ्यानं दाबून बसली आणि आतलं पाणी बाहेर फेकलं गेलं. आपल्या पाषाणात तसं होत नाही. काळ्या मातीच्या खाली आपल्याकडे मुरूम आणि मग खडकच.

चिरा परत बुजतात हे प्रत्यक्ष मोजलंय चीननं. १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर त्यांनी फॉल्टच्या आरपार बोअर घेतला आणि आतली पाण्याची पातळी दीड वर्ष सतत नोंदवली. तिथेही युक्ती फुकटचीच. चंद्र-सूर्य समुद्राला ओढतात तसे खडकालाही ओढतात. त्यामुळे जमीन रोज दोनदा किंचित फुगते-दबते आणि बोअरमधलं पाणी वरखाली होतं. खडकातून पाणी सहज वाहत असेल तर ते चंद्राच्या ओढीबरोबर लगेच हलतं, वाट अरुंद असेल तर मागे रेंगाळतं. हे रेंगाळणं महिन्यामहिन्याला वाढत गेलं, म्हणजे वाटा बुजत होत्या. आणि मधेच, कुठेतरी दूर मोठा भूकंप झाला की त्या वाटा एकदम मोकळ्या व्हायच्या, मग पुन्हा बुजायला सुरुवात. जखमेची खपली परत परत निघावी तसं.

कॅलिफोर्नियातच लँडर्सच्या फॉल्टचंही असं झालं. जून १९९२ मध्ये ७.३ चा भूकंप. पुढच्या काही वर्षांत फॉल्टच्या पट्ट्यातला वेग एखाद्या टक्क्यानं भरून आला. मग ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या हेक्टर माइनचा भूकंप झाला आणि लँडर्सचा पट्टा नुसत्या हादऱ्यानं पुन्हा मागे गेला. फॉल्ट त्याचा नव्हता, धक्का शेजाऱ्याचा, तरी जुनं दुखणं उघडलं.

पण एक सावधगिरी सांगायला हवी, नाहीतर आपल्या भागात हे मोजायला कोणी बसला तर हमखास फसेल. आपली काळी माती. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मृगाचे दोन पाऊस झाले की मिटतात. खाली पाण्याची पातळी चढली की वेग बदलतो, उतरली की परत बदलतो. भूकंप नसतानाही जमीन वर्षाकाठी श्वास घेतल्यासारखी मऊ-ताठ होत असते. जगभर जिथे जिथे ही थरथरीची पद्धत वापरली, तिथे आधी पावसाचा परिणाम वेगळा काढावा लागला, मगच भूकंपाचा दिसला. तुमच्या अप्पांच्या बाबतीतही मला पहिली शंका हीच येते. किल्लारीचा भूकंप झाला सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे विहिरी वर्षात सर्वांत भरलेल्या असतात त्याच सुमाराला. त्यात परतीचा पाऊस झाला तर पाणी वाढणारच, भूकंप होवो न होवो.

तरी अप्पांना खोटं ठरवायची मला घाई नाही. तुमचा तालुका किल्लारीपासून साठ-सत्तर किलोमीटरपलीकडे. एवढ्या अंतरावर सहाच्या भूकंपानं विहिरीत फरक पडू शकतो, पण तो कडेचा, सगळीकडे न दिसणारा. ज्या विहिरीला दोन थरांच्या सांध्यातून पाणी येतं, तिथे तो सांधा थोडा मोकळा झाला की आवक वाढेल. आणि तसं असेल तर दोन-तीन वर्षांत ओसरणं अगदी बरोबर जुळतं: सुरुवातीला झपाट्यानं, मग रेंगाळत. अप्पांना एवढंच विचारा की पाणी कमी झालं ते एकदम झालं, की पहिल्या वर्षी बरंच आणि मग थोडं थोडं? आणि वाढलेलं पाणी मे महिन्यात टिकलं होतं का? दिवाळीला वाढलेलं पाणी पुरावा नाही, अक्षय तृतीयेला टिकलेलं असेल तर मी कान टवकारेन. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्हाभर आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. तुमच्या पाणलोटातल्या विहिरीची १९९० ते १९९६ ची नोंद जिल्हा कार्यालयात मागून बघा. त्या आकड्यांशेजारी त्या वर्षांचा पाऊस मांडला की निम्मा वाद तिथेच मिटेल. वर्गाला करायला यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही.

मुलं आणखी एक विचारतील, तेव्हा आधीच सांगून ठेवतो: फॉल्ट सावरला म्हणजे धोका टळला का? इथे उत्तर जरा उलट आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स डिटरिच यांनी १९७२ मध्ये दाखवलं की दोन दगड एकमेकांवर नुसते टेकून ठेवले तरी जितका वेळ जातो तितकी त्यांची पकड वाढते, आणि वाढते तीही दहापटीला एक पायरी. सावरलेल्या फॉल्टची पकड घट्ट असते, म्हणजे तो ताण साठवू शकतो. ढिला फॉल्ट साठवत नाही, तो सरकून मोकळा होतो. त्यामुळे खरा प्रश्न ताण किती वेगानं साठतो हा. हिमालयात तो झपाट्यानं साठतो. आपण भूपट्टाच्या (टेक्टॉनिक प्लेटच्या) पोटात, कडेपासून दूर आहोत, इथे इतका सावकाश की एकाच जागी दोन मोठ्या भूकंपांत माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. कोयनेचं मात्र वेगळं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, आणि अजून तिथे त्याच छोट्या पट्ट्यात धक्के चालू आहेत. धरण दरवर्षी भरतं आणि उतरतं, पाण्याचा दाब खडकात वरखाली होत राहतो. तिथे खपली धरायला सवडच मिळत नाही.

किल्लारीला पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं ६१७ मीटरचा बोअर घेतला. ३३८ मीटर आपला काळा पाषाण, त्याखाली आठेक मीटर जुना गाळ, आणि मग ग्रॅनाइटी जुनाट खडक. आपण ज्याला पाषाण म्हणून कायमचा आधार समजतो तो तिथे साडेतीनशे मीटरही जाड नाही, हे मला तेव्हा नवीन होतं. भूकंप झाला तो त्याच्याही खूप खाली, त्या जुनाट खडकात.

सगळ्यात लांबची पायरी कशी दिसते ते बघायला मात्र बोअर लागत नाही. तुमच्या विहिरीतच उतरा, पाणी तळाला गेल्यावर. मुरमाच्या खाली मांजऱ्या खडक लागेल, त्यात पांढरे ठिपके: हे लाव्हातले वायूचे बुडबुडे, नंतर झिरपत्या पाण्यानं खनिजांनी भरले. त्याखाली घट्ट पाषाणात कुठेतरी बोटाएवढी किंवा दोऱ्याएवढी पांढरी शीर दिसेल. ती कधीकाळची उघडी भेग आहे. पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात थराथरानं बसत गेला आणि भेग शिवली गेली. सुरुवातीचे टेके सेकंदात बसतात, गाळ वर्षांत, आणि ही पांढरी शिवण हजारो-लाखो वर्षांत. शिरेचा चिमूटभर भाग खरवडून त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुन्याचं खनिज, कॅल्साइट. नाही आला तर बहुधा झिओलाइट.

मे महिन्यात विहिरीच्या चारी बाजूंचे फोटो काढून पाठवा, शेजारी मापासाठी पहार किंवा छत्री उभी करून. झरे कोणत्या थरातून येतात ते कळेल, अशा उजेडात काढा. आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांना खाली नेऊ नका, तुम्ही एकटेही उतरू नका, वर कुणीतरी दोर धरून उभं असू द्या.